जुना मजकूर उद्या उघडेल का?

एका ग्रंथालयाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेचे संपादन करताना गेल्या वर्षी एक प्रसंग घडला. संस्थेच्या पूर्वाध्यक्षांनी पंधरा वर्षांपूर्वी लिहिलेला एक लेख पुनर्मुद्रित करायचा होता. लेखक आता हयात नाहीत. परंतु त्यांच्या लेखाची फाइल एका जुन्या सीडीवर सुदैवाने सापडली. ती उघडली आणि पडद्यावर देवनागरीऐवजी रोमन अक्षरे, कंस आणि उद्गारचिन्हे यांची खिचडी अवतरली. मूळ लेख ज्या फाँटमध्ये टाइप केला होता, तो केवळ परवाना असलेल्या संगणकावर चालत असे आणि तो संगणक केव्हाच भंगारात गेला होता. अखेर एका वाचकाने जपून ठेवलेल्या कात्रणावरून संपूर्ण लेख पुन्हा टाइप करावा लागला. लेख आपला, भाषा आपली, पण कुलपाची किल्ली भलत्याकडेच, अशी ती अवस्था होती.

असे का होते, हे समजून घेणे कठीण नाही. युनिकोडचा प्रसार होण्यापूर्वी देवनागरी फाँट तयार करणारे रोमन अक्षरांच्या जागी मराठी अक्षरांची चित्रे बसवीत. प्रत्येकाची मांडणी निराळी असल्यामुळे एकाचा मजकूर दुसऱ्याच्या फाँटमध्ये वाचता येत नसे. युनिकोडने प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक दिला. 'क'चा क्रमांक ०९१५, मग फाँट कोणताही असो. अर्धे दुखणे त्यामुळे बरे झाले. उरलेले अर्धे आहे ते फाइल ज्या सॉफ्टवेअरमध्ये तयार होते त्याच्या मालकीचे. मुक्तस्रोत, म्हणजेच 'ओपन सोर्स' सॉफ्टवेअरचा विचार इथे सुरू होतो.

रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये 'ग्नू' प्रकल्पाची घोषणा केली, तेव्हापासून या चळवळीचा पाया चार स्वातंत्र्यांवर उभा आहे : सॉफ्टवेअर हव्या त्या कामासाठी वापरणे, त्याची घडण अभ्यासणे, त्यात बदल करणे आणि ते इतरांना देणे. 'ओपन सोर्स' हे नाव १९९८ मध्ये रूढ झाले. ही सॉफ्टवेअर बहुधा विनामूल्य मिळतात, पण 'फुकट' हा त्यांचा खरा गुण नव्हे. मूळ निर्मात्याने हात वर केले तरी दुसरा कोणी काम पुढे नेऊ शकतो, हा खरा गुण आहे.

कार्यालयीन कामासाठी मी वापरतो ते 'लिबरऑफिस' याचे उत्तम उदाहरण आहे. त्याचा पूर्वज 'ओपनऑफिस' सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीच्या आश्रयाला होता. २०१० मध्ये ती कंपनी ओरॅकलने विकत घेतली. पुढे काय होणार, या चिंतेने अनेक विकसक त्याच वर्षी बाहेर पडले आणि त्यांनी 'लिबरऑफिस' या नावाने काम चालू ठेवले. त्याचे फाइल-स्वरूप 'ओडीएफ' हे २००६ पासून आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्याची रचना सर्वांसाठी जाहीर असल्याने, उद्या लिबरऑफिस नाहीसे झाले तरी ती फाइल वाचणारे दुसरे साधन तयार करता येईल. लिबरऑफिसचे मेनूही मराठीत उपलब्ध आहेत. छायाचित्रांसाठी 'गिंप' आणि बोधचिन्हे, नकाशे यांसाठी 'इंकस्केप' ही दोन साधने बातमीच्या रोजच्या कामाला पुरून उरतात.

संकेतस्थळांच्या जगात तर मुक्तस्रोताविना पान हलत नाही. 'वर्डप्रेस'चा जन्मच बोलका आहे. 'बी२' नावाच्या एका छोट्या सॉफ्टवेअरचे काम थंडावले, तेव्हा मॅट मुलेनवेग आणि माइक लिटल यांनी त्याचीच आज्ञावली घेऊन २००३ मध्ये वर्डप्रेस उभे केले. मुक्त परवाना नसता तर बी२ तिथेच संपले असते. गावच्या वाचनालयाला किंवा नाट्यसंस्थेला संकेतस्थळ हवे असेल, तर आज खर्च येतो तो मुख्यतः नाव नोंदवण्याचा आणि सर्व्हरवरील जागेचा.

मराठी माणसाने आवर्जून ओळख करून घ्यावी, असे एक साधन मात्र सहसा कोणाला दिसतही नाही. 'कि' लिहिताना वेलांटी नंतर टाइप होते, पण दिसते आधी. रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर चढतो. ही जुळवाजुळव करणाऱ्या मुक्तस्रोत साधनाचे नाव 'हार्फबझ'. 'खुले अक्षर' अशा अर्थाच्या फारसी शब्दांवरून ते घेतले आहे. फायरफॉक्स, क्रोम, लिबरऑफिस आणि अँड्रॉइड या सर्वांत ते काम करते. 'दर्या' आणि 'दऱ्या' यांतला भेद पडद्यावर नीट उमटतो, तो अशाच साधनांमुळे. संकेतस्थळ बांधणाऱ्यांनी एक पथ्य पाळावे : पानाच्या आज्ञावलीत भाषा 'एमआर', म्हणजे मराठी, अशी नोंदवावी. फाँटमध्ये सोय असेल तर 'ल' आणि 'श' हिंदी वळणाचे न दिसता मराठी वळणाचे दिसतात. मुंबईच्या 'एक टाइप'चा 'मुक्ता' हा देवनागरी फाँटही मुक्त परवान्याने मिळतो.

याचा अर्थ सारे आलबेल आहे असा नव्हे. इंटरनेटवरील व्यवहार सुरक्षित ठेवणाऱ्या 'ओपनएसएसएल'मध्ये 'हार्टब्लीड' नावाचा गंभीर दोष दोन वर्षे कोणाच्या लक्षात आला नाही. तो २०१४ मध्ये उघड झाला. साऱ्या जगाचा भार मूठभर माणसे वाहत होती, हे तेव्हा कळले. मार्च २०२४ मध्ये 'एक्सझेड' या साधनात कोणी तरी चोरवाट पेरल्याचे आढळले. लॉगिनला अर्धा सेकंद उशीर का होतो, याचा आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने पिच्छा पुरवला, म्हणून ती सापडली. आज्ञावली खुली असल्याने शोध घेता आला हे खरे. पण पाहणारे डोळे हवेत, हेही तितकेच खरे. शिवाय छापील पानांच्या मांडणीत अनेक कार्यालये अद्याप मालकीच्या सॉफ्टवेअरवरच अवलंबून आहेत. ती सवय एका रात्रीत सुटणारी नाही.

म्हणून संस्थांनी निदान तीन गोष्टी आजच कराव्यात. जुन्या फाँटमधील मजकूर, तो फाँट चालणारा संगणक जिवंत आहे तोवर, युनिकोडमध्ये रूपांतरित करून घ्यावा. नवा मजकूर 'ओडीएफ' आणि पीडीएफ अशा दोन्ही स्वरूपांत जपावा. ज्याची केवळ छापील प्रत उरली आहे, तो स्कॅन करून 'टेसरॅक्ट' या मराठी वाचू शकणाऱ्या मुक्तस्रोत साधनाला द्यावा. मात्र जोडाक्षरे आणि अनुस्वार माणसाने तपासल्याखेरीज तो मजकूर अंतिम समजू नये.

त्या ग्रंथालयात हे काम आता सुरू झाले आहे. पूर्वाध्यक्षांचा लेख वाचला, कारण कोणी तरी त्याचे कात्रण जपले होते. कपाटातल्या बाकीच्या सीडींवर जे लेख आहेत, त्यांची कात्रणे कोणाकडे असतीलच असे नाही.