रुग्णाच्या उशाशी भरणारा वर्ग

मुलांनो, मुंबईतील भायखळ्याचे जे.जे. रुग्णालय तुमच्यापैकी काही जणांनी पाहिले असेल. घरात कोणी आजारी पडले, की नागपाडा, मदनपुरा, डोंगरी या भागांतील लोक "जे.जे.ला नेऊ या" असे सहज म्हणतात. समजा, तुमची नानी तिथे भरती आहे. सकाळी तुम्ही पास दाखवून वॉर्डात जाता आणि पाहता तर काय, नानीच्या खाटेभोवती दहाबारा पांढरे कोट उभे! एक जण तिचे पोट दाबून पाहत आहे, दुसरी वहीत लिहीत आहे, आणि मोठे डॉक्टर त्या दोघांना प्रश्न विचारीत आहेत. "कधीपासून दुखते?" हा प्रश्न नानीला आज चौथ्यांदा विचारला गेला आहे. ती वैतागून तुमच्या कानात म्हणते, "बेटा, यांना काही येत नाही वाटते!"

नानीचे अगदीच चुकले असे नाही. त्यांतील काही जणांना अजून खरोखरच येत नाही. ते शिकत आहेत. नानीच्या खाटेभोवती वर्ग भरला आहे.

असा वर्ग इथे १८४५ पासून भरतो. मुंबईचे गव्हर्नर सर रॉबर्ट ग्रँट यांना इथे वैद्यकीय शिक्षणाची सोय हवी होती, पण ते १८३८ मध्ये वारले. त्यांच्या नावाने ग्रँट मेडिकल कॉलेज निघाले. सर जमशेटजी जीजीभाई या पारशी व्यापाऱ्याने एक लाख रुपयांची देणगी दिली आणि कॉलेजाला लागूनच रुग्णालय उभे राहिले. एकाच आवारात कॉलेज आणि रुग्णालय, यातच सारे मर्म आहे. १८५१ मध्ये बाहेर पडलेल्या पहिल्या तुकडीत भाऊ दाजी लाड होते. राणीच्या बागेजवळचे संग्रहालय आज त्यांच्याच नावाने ओळखले जाते. पुढे १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला, तेव्हा वाल्डेमार हाफकिन या शास्त्रज्ञाने याच कॉलेजातील लहानशा प्रयोगशाळेत प्लेगची लस तयार केली आणि जानेवारी १८९७ मध्ये ती प्रथम स्वतःला टोचून घेतली.

आता खाटेभोवतीची माणसे ओळखू या. वही घेतलेले विद्यार्थी एम.बी.बी.एस.चे. त्यांचा अभ्यास साडेचार वर्षांचा असतो. त्यानंतर एक वर्ष इंटर्न म्हणून काम करावे लागते. इंटर्न रक्त काढतो, सलाईन लावतो, रिपोर्ट आणायला धावतो. त्याच्या वरचे निवासी डॉक्टर. ते डॉक्टर झालेलेच असतात, पण एखाद्या विषयात आणखी तीन वर्षे शिकत असतात. रात्री दोन वाजता नानीला धाप लागली, तर बहुधा तेच धावून येतील. त्यांची झोप किती होते, हे विचारू नका! सर्वांच्या वर अध्यापक आणि प्राध्यापक. या सर्वांचे मिळून एक 'युनिट' होते. प्रत्येक युनिटचे बाह्यरुग्ण विभागाचे वार ठरलेले असतात. म्हणून केसपेपरवर वार लिहिला असेल, तर त्याच वारी जावे. दुसऱ्या वारी गेलात, तर नानीला ओळखणारे डॉक्टर भेटणार नाहीत.

एकच प्रश्न चार वेळा का, हेही आता कळेल. विद्यार्थ्याने विचारलेले निवासी डॉक्टर पुन्हा विचारतो, आणि त्याने विचारलेले प्राध्यापक. एकाच्या नजरेतून सुटलेले दुसऱ्याला सापडते.

या डॉक्टरांना पदवी मात्र भायखळ्यात मिळत नाही. ती नाशिकहून येते. पूर्वी राज्यातील वैद्यकीय महाविद्यालये मुंबई, पुणे, नागपूर अशा निरनिराळ्या विद्यापीठांना जोडलेली होती. १९९८ मध्ये महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ स्थापन झाले आणि ती सारी एका छत्राखाली आली. दंतवैद्यक, आयुर्वेद, होमिओपॅथी, परिचर्या आणि युनानीही त्यात आहे. नाशिक जिल्ह्यातच मालेगावला युनानीचे तिब्बिया कॉलेज आहे. तिथे तुमची उर्दू फार कामाला येईल.

विद्यापीठ लेखी प्रश्नपत्रिका काढते. पण प्रात्यक्षिक परीक्षेची प्रश्नपत्रिका कोण असते, ठाऊक आहे? खाटेवरचा रुग्ण! विद्यार्थी त्याला तपासतो, त्याची हकिगत ऐकतो आणि रोग काय असावा ते परीक्षकांना सांगतो. परीक्षकांतील काही दुसऱ्या महाविद्यालयातून आलेले असतात.

या हकिगतीतच खरी मेख आहे. प्रवेशाची 'नीट' परीक्षा २०१८ पासून उर्दूतूनही देता येते. पुढची पुस्तके इंग्रजीत असतात. पण बीडहून किंवा रायगडहून आलेला शेतकरी मराठीत बोलतो. तो म्हणतो, "पोटात कळ येते." दुसरा म्हणतो, "छातीत जळजळते." तिसऱ्याचे गळू 'ठणकते'. कळ थांबून थांबून येते, जळजळ आगीसारखी असते, आणि ठणका नाडीच्या ठोक्याबरोबर मारतो. तिन्हींना नुसते 'दर्द' म्हटले, तर डॉक्टर फसेल. "हाताला मुंग्या येतात" असे ऐकून जो मुंग्या शोधू लागेल, त्याचे तर हसेच होईल!

आता नानीच्या वैतागाकडे पुन्हा वळू. शिकायचे म्हणून वाटेल त्याने, वाटेल तेव्हा हात लावावा, असे मुळीच नाही. विद्यार्थ्याने आधी नाव सांगावे, परवानगी घ्यावी, पडदा ओढावा. स्त्री रुग्णाजवळ परिचारिका किंवा दुसरी स्त्री हवी. नानी "नको" म्हणू शकते, आणि नको म्हटले म्हणून तिचे उपचार थांबत नाहीत. हे सर्व ठिकाणी पाळले जाते, असे मी म्हणणार नाही. गर्दीच्या वॉर्डात पडदा विसरतो आणि 'खाट नंबर सात' एवढेच नाव उरते. म्हणून तुम्हीच धीटपणे सांगा, "डॉक्टर, पडदा ओढता का?" त्यांना राग येणार नाही. आलाच, तरी पडदा ओढला जाईल.

राउंड संपतो. पांढरे कोट पुढच्या खाटेकडे सरकतात. वहीत लिहिणारी मुलगी मात्र मागे थांबते आणि विचारते, "नानी, कळ येते की जळजळते?" हा पाचवा प्रश्न. नानी तिच्याकडे पाहते, उशी सरळ करते आणि पहिल्यापासून सांगू लागते.