विस्मृतीचे निदान आणि रक्ताची साक्ष

‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण मराठी घरांत इतकी रुळली आहे की, वडीलधाऱ्या माणसाला नातवाचे नाव आठवेनासे झाले किंवा रोजची वाट सापडेनाशी झाली, तरी घरची मंडळी म्हातारपणाला दोष देऊन गप्प बसतात. वस्तुतः स्मृतिभ्रंश म्हणजे म्हातारपण नव्हे. तो रोग आहे. जर्मन वैद्य आलोइस अल्झायमर यांनी १९०६ साली ट्यूबिंगेन येथील सभेत ज्या स्त्रीची हकीकत मांडली, ती रुग्णालयात दाखल झाली तेव्हा अवघी ५१ वर्षांची होती. तिच्या मृत्यूनंतर मेंदूची तपासणी करताना त्यांना पेशींबाहेर साचलेली पुटे आणि पेशींच्या आत धाग्यांचा गुंता आढळला. पुटे अमिलॉइड या प्रथिनाची व गुंता टाऊ या प्रथिनाचा, हे पुढे सिद्ध झाले.

मात्र हा पुरावा हाती आला तो शवविच्छेदनाने. जिवंतपणी निदान करावयाचे तर वैद्याच्या अनुभवावर विसंबावे लागे. अलीकडच्या काळात कण्यात सुई घालून काढलेल्या द्रवाची तपासणी आणि किरणोत्सारी द्रव्य टोचून घेतलेले मेंदूचे चित्र, असे दोन मार्ग उपलब्ध झाले. पण पहिल्याची रुग्णाला धास्ती वाटते आणि दुसरा सामान्यांच्या आवाक्याबाहेरचा आहे.

या पार्श्वभूमीवर मे २०२५ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने एका रक्तचाचणीस दिलेली मान्यता महत्त्वाची ठरते. अमिलॉइड मेंदूत अडकून पडू लागले की त्याचा एक प्रकार रक्तात कमी होतो. उलट, विशिष्ट जागी फॉस्फेट जडलेल्या टाऊचे प्रमाण वाढते. ही चाचणी या दोहोंचे गुणोत्तर मोजते. ४९९ नमुन्यांच्या अभ्यासात, ज्यांचा निष्कर्ष होकारार्थी आला त्यांपैकी ९१.७ टक्के लोकांच्या आणि नकारार्थी आलेल्यांपैकी ९७.३ टक्के लोकांच्या बाबतीत तो अन्य तपासण्यांशी जुळला. वीस टक्क्यांहून कमी नमुन्यांबाबत निश्चित उत्तर मिळाले नाही. स्वीडनमध्ये १,२१३ रुग्णांवर झालेला अभ्यास २०२४ साली प्रसिद्ध झाला. त्यात अशाच प्रकारच्या रक्तचाचणीची अचूकता सुमारे ९१ टक्के भरली; त्याच रोगाचे निदान रक्तचाचणीविना करताना तज्ज्ञांची अचूकता ७३ टक्के आणि सामान्य वैद्यांची ६१ टक्के होती.

हे आकडे वाचून प्रत्येकाने साठीला रक्त तपासून घ्यावे, असा निष्कर्ष कोणी काढील, तर तो चुकीचा ठरेल. अमेरिकेतील ही मान्यता लक्षणे दिसू लागलेल्या, ५५ वर्षांवरील व्यक्तींपुरतीच आहे. त्यामागचे गणित साधे आहे. समजा, एखादी चाचणी शंभर रोग्यांपैकी नव्वदांना रोगी आणि शंभर निरोग्यांपैकी नव्वदांना निरोगी ठरवते. स्मृतीच्या तक्रारी घेऊन आलेल्या हजारांपैकी पाचशे जण रोगी असतील, तर ५०० होकारार्थी निष्कर्षांपैकी ४५० खरे निघतील. पण कोणतीच तक्रार नसलेल्या हजारांत केवळ पन्नास रोगी असतील, तर होकारार्थी निष्कर्ष १४० येतील आणि त्यांपैकी खरे फक्त ४५. उरलेल्या ९५ निरोगी माणसांच्या डोक्यावर विनाकारण टांगती तलवार राहील. चाचणी तीच, फरक पडतो तो ती कोणावर केली याचा.

शिवाय विसरभोळेपणाची कारणे अनेक आहेत. ब-१२ जीवनसत्त्वाची उणीव, थायरॉइड ग्रंथीचे मांद्य, नैराश्य, काही औषधे यांमुळेही स्मृती मंदावते, आणि यांवर उपाय आहेत. मूत्रपिंडाच्या जुनाट विकारात टाऊचे रक्तातील प्रमाण वाढून निष्कर्ष फसवा ठरू शकतो. म्हणून रक्ताची साक्ष ग्राह्य मानावी, पण निवाडा रुग्णाला प्रत्यक्ष तपासणाऱ्या वैद्यानेच करावा.

निदानानंतर काय, हा प्रश्न त्याहून बिकट आहे. अमेरिकेत २०२३ मध्ये लेकॅनेमॅब आणि २०२४ मध्ये डोनॅनेमॅब या औषधांना मान्यता मिळाली. ती रोग बरा करीत नाहीत, प्रारंभीच्या अवस्थेत त्याची गती थोडी मंद करतात. मेंदूला सूज येण्याचा वा रक्तस्राव होण्याचा धोकाही त्यांत आहे. लेकॅनेमॅबची अमेरिकेत जाहीर झालेली किंमत वर्षाला २६,५०० डॉलर होती.

भारतात साठीपुढील लोकांपैकी सुमारे ७.४ टक्के, म्हणजे अंदाजे ८८ लाख व्यक्ती स्मृतिभ्रंशाने ग्रस्त असल्याचे २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले. त्यांची शुश्रूषा बहुतेक घरांत पत्नी, सून वा मुलगी करते. तिच्या जागरणाची नोंद राष्ट्रीय उत्पन्नात कोठेही होत नाही. वेळीच झालेले निदान अशा कुटुंबाला एवढे तरी देते की, रुग्ण स्वतः निर्णय घेऊ शकतो तोवर मृत्युपत्र, बँकेतील खाती, शुश्रूषेची वाटणी यांचा विचार त्याच्याच संमतीने होतो. चाचणी स्वस्त होईल तेव्हा होवो. म्हणीचा आडोसा सोडून वैद्याकडे जाण्यासाठी मात्र तोवर थांबण्याचे कारण नाही.