सोळा अमिनो आम्लांचा निरोप

मायटोकॉन्ड्रिया म्हणजे पेशीचं ऊर्जाघर, हे आपण शाळेत घोकलं. ते खरंच आहे. पण या ऊर्जाघराकडे स्वतःचा डीएनए असतो, आईकडून आलेला, वर्तुळाकार, जेमतेम 16,569 अक्षरांचा. 1981 मध्ये केंब्रिजच्या शास्त्रज्ञांनी तो सगळा वाचून काढला. 37 जनुकं, त्यांतली प्रथिनं बनवणारी फक्त 13. एवढ्याशा मजकुरात आणखी काही दडलेलं असेल, असं कोणाला वाटणार?

2001 मध्ये जपानी संशोधकांना अल्झायमरच्या रुग्णाच्या मेंदूतल्या शाबूत राहिलेल्या भागातून ह्युमॅनिन नावाचं पेप्टाइड, म्हणजे अमिनो आम्लांची छोटी साखळी, सापडलं. त्याचा मजकूर मायटोकॉन्ड्रियाच्या एका रायबोसोमल जनुकाच्या पोटात होता. 2015 मध्ये दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या चँगहान डेव्हिड ली आणि पिंचस कोहेन यांच्या गटाने दुसऱ्या रायबोसोमल जनुकातून मॉट्स-सी शोधलं. सोळा अमिनो आम्लांचं चिमुकलं पेप्टाइड!

यातली एक गोष्ट मला फार विलक्षण वाटते. मायटोकॉन्ड्रियाची जनुकीय लिपी उरलेल्या पेशीपेक्षा किंचित वेगळी आहे. पेशीत ज्या तीन अक्षरांचा अर्थ ‘आर्जिनिन जोडा’ असा होतो, तीच माणसाच्या मायटोकॉन्ड्रियात ‘थांबा’ म्हणतात. त्यामुळे मॉट्स-सीचा मजकूर घरच्या लिपीत वाचला तर पेप्टाइड बनतच नाही. तो बाहेर, पेशीरसात वाचावा लागतो. म्हणजे लिहिलेला आत आणि वाचायचा बाहेर.

वाचल्यावर बनलेलं पेप्टाइड काय करतं? फोलेटशी निगडित रासायनिक साखळीला लगाम घालतं. त्यातून एएमपीके हे विकर जागं होतं. पेशीतली ऊर्जा कमी पडली की साखर आणि चरबी जाळायला लावणारं विकर ते हेच. भरपूर चरबीचं खाणं खाणाऱ्या उंदरांना मॉट्स-सी टोचलं, तर त्यांचं वजन तेवढं वाढलं नाही आणि इन्सुलिनही नीट काम करत राहिलं. पुढे 2018 मध्ये दिसलं की पेशीची उपासमार झाली की हे पेप्टाइड थेट केंद्रकात शिरतं आणि तिथल्या जनुकांच्या कामात हात घालतं. अब्जावधी वर्षांपूर्वी जिवाणू म्हणून पेशीत आलेला पाहुणा आज घराच्या कारभाऱ्याला सूचना देतो!

माणसांचं काय? 2021 च्या एका छोट्या अभ्यासात तरुणांनी व्यायामाची सायकल चालवली. त्यांच्या स्नायूंतलं मॉट्स-सी जवळपास बारा पटींनी वाढलं. टोचून घेतलेल्या मॉट्स-सीने माणसाची चरबी घटते, हे मात्र अजून सिद्ध झालेलं नाही. औषध म्हणून त्याला अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेची मान्यता नाही आणि खेळाडूंसाठी ते वाडा या जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या बंदी यादीत आहे. तरी इंटरनेटवर त्याच्या कुप्या सर्रास विकल्या जातात. त्या घेऊ नका. सायकल काढा, पेप्टाइड तुमचे स्नायू स्वतःच बनवतील.