एकोणीस, अठ्ठावीस आणि निनावी मतदार

नोव्हेंबर १९९९ मध्ये अमेरिकेतल्या स्लॅशडॉट या संकेतस्थळाने वाचकांना एक साधा प्रश्न विचारला: संगणकशास्त्राच्या पदव्युत्तर शिक्षणासाठी सगळ्यात चांगलं विद्यापीठ कोणतं? मत द्यायला नावगाव लागत नव्हतं. एकाने दोनदा मत देऊ नये म्हणून आयपी ॲड्रेस तेवढा नोंदवला जात होता. कार्नेगी मेलनच्या विद्यार्थ्यांनी त्यातून वाट काढली आणि आपल्या विद्यापीठाला हजारो मतं टाकणारा प्रोग्रॅम लिहिला. दुसऱ्या दिवशी एमआयटीच्या विद्यार्थ्यांनी आपला प्रोग्रॅम लिहिला. शेवटी एमआयटीला २१,१५६ मतं पडली, कार्नेगी मेलनला २१,०३२, आणि बाकी एकाही विद्यापीठाला हजाराचा आकडा गाठता आला नाही.

पुढे कार्नेगी मेलनमधल्याच लुइस फॉन आन, मॅन्युएल ब्लम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅप्चाची कल्पना मांडली, तेव्हा तिच्या गरजेचा दाखला म्हणून हीच मतचाचणी पुढे केली. वेडीवाकडी अक्षरं ओळखून दाखवा, म्हणजे तुम्ही यंत्र नाही हे पटेल. पण कॅप्चा माणूस आणि यंत्र एवढाच फरक करतो. एकाच माणसाने दहा खाती उघडली आणि दहा वेळा अक्षरं ओळखली, तर तो दहाही वेळा पास होतो. खरी अडचण तिथे सुरू होते.

एखाददुसऱ्या खोट्या मताने काय बिघडतं, असं वाटू शकतं. लेव्ह मुचनिक, सिनान अराल आणि शॉन टेलर यांनी २०१३ मध्ये ‘सायन्स’मध्ये छापलेला प्रयोग वाचल्यावर माझं याबद्दलचं मत कायमचं पक्कं झालं. बातम्यांवर चर्चा चालणाऱ्या एका संकेतस्थळावर त्यांनी १,०१,२८१ प्रतिक्रिया घेतल्या. प्रतिक्रिया आली रे आली, की चिठ्ठी टाकल्यासारखं नशिबाने काहींना एक पसंतीचं मत द्यायचं, काहींना एक नापसंतीचं, आणि बाकीच्यांना काहीच नाही. ज्यांना ते एक फुकटचं पसंतीचं मत मिळालं होतं, त्यांना पुढच्या वाचकाकडून पसंती मिळण्याची शक्यता ३२ टक्क्यांनी वाढली, आणि शेवटचे गुण सरासरी २५ टक्क्यांनी जास्त भरले. नापसंतीचं खोटं मत मात्र लोकांनी आपणहून भरून काढलं. म्हणजे कुणाला खाली ओढायला कष्ट पडतात, पण कुणाला वर चढवायला सुरुवातीचा एकच धक्का पुरतो. दहा फेक खाती हाताशी असलेल्या माणसाकडे असे दहा धक्के असतात.

यावर सगळ्यात आधी सुचणारा उपाय म्हणजे प्रत्येकाचं खरं नाव विचारणं. दक्षिण कोरियाने तो करून पाहिला. २००७ पासून तिथल्या मोठ्या संकेतस्थळांवर काही लिहायचं तर आधी आपली खरी ओळख पटवून द्यावी लागे. त्यामुळे कोट्यवधी लोकांची माहिती कंपन्यांच्या संगणकांत साठत गेली. जुलै २०११ मध्ये नेट आणि सायवर्ल्ड या सेवांवर हल्ला झाला आणि सुमारे साडेतीन कोटी लोकांची माहिती चोरीला गेली. देशाची लोकसंख्याच तेव्हा पाच कोटींच्या आसपास होती. ऑगस्ट २०१२ मध्ये तिथल्या घटनात्मक न्यायालयाने तो कायदा एकमताने रद्द केला.

मला तो निर्णय मनापासून योग्य वाटतो, आणि त्याचं एक कारण मराठी आहे. १८४८ मध्ये भाऊ महाजनांच्या ‘प्रभाकर’मध्ये शतपत्रं येऊ लागली. त्यांचे लेखक गोपाळ हरी देशमुख सरकारी नोकरीत होते, आणि आपल्याच समाजाच्या रूढींवर आसूड ओढत होते. सही होती ‘लोकहितवादी’. अंगावर संकट न ओढवता खरं बोलण्याची सोय समाजाला लागतेच. कार्यालयातला गैरव्यवहार उघड करणाऱ्याला ती लागते, घरातल्या मारहाणीबद्दल सल्ला विचारणाऱ्या बाईला लागते. शिवाय लोकहितवादी हे टोपणनाव एकाच माणसाचं होतं. त्याने एकाच दिवशी पन्नास नावांनी पन्नास पत्रं लिहून स्वतःलाच पाठिंबा दिला नव्हता.

इथे दोन प्रश्न आहेत आणि आपण त्यांची सतत सरमिसळ करतो. ‘तू कोण?’ हा एक, आणि ‘तू आधी येऊन गेलास का?’ हा दुसरा. गैरप्रकार थांबवायला लागतं ते दुसऱ्याचं उत्तर. कोरियाने मागितलं पहिल्याचं.

हे दोन प्रश्न वेगळे करता येतात याचा पुरावा आपण दर निवडणुकीला बोटावर मिरवतो. १९६२ पासून आपल्या सार्वत्रिक निवडणुकांत वापरली जाणारी पक्की शाई म्हैसूरच्या सरकारी रंग कारखान्यात बनते. तिच्यातलं सिल्व्हर नायट्रेट कातडीशी संयोग पावतं, उजेडात काळं पडतं, आणि नख वाढून पुढे सरकेपर्यंत जात नाही. त्या डागात नाव नसतं, पक्ष नसतो. एवढंच असतं की हे बोट एकदा येऊन गेलं. मतदान केंद्रावर नाव विचारतात हे खरं, पण यादी एका टेबलावर असते आणि मत पडद्याआड दिलं जातं. यादीवरचं नाव मतापर्यंत पोचत नाही.

इंटरनेटवर मात्र यादी आणि मतपेटी बहुधा एकाच संगणकात असतात, आणि त्या संगणकाच्या मालकाला दोन्ही दिसतं. तो म्हणेल, ‘मी बघणार नाही.’ आपण विश्वास ठेवायचा. विश्वास न ठेवताही चालेल अशी काही युक्ती निघेल का? अमेरिकन संशोधक डेव्हिड चॉम यांनी १९८२ मध्ये ती शोधली. या युक्तीने मला जितकं चकित केलं, तितकं संगणकातल्या फार थोड्या गोष्टींनी केलं आहे.

चॉम यांनी ती समजावून सांगायला टपालाने होणाऱ्या गुप्त मतदानाची कल्पना वापरली. मतदार आपली मतचिठ्ठी आतून कार्बन लावलेल्या पाकिटात घालतो. ते पाकीट दुसऱ्या मोठ्या पाकिटात, ज्यावर त्याचा स्वतःचा पत्ता आहे. मतदान घेणारा विश्वस्त पत्ता बघतो, यादीत नाव आहे याची खात्री करतो, आतलं पाकीट न उघडता त्यावर बाहेरूनच सही करतो आणि परत पाठवतो. कार्बनमुळे ती सही आतल्या चिठ्ठीवर उमटलेली असते. मतदार चिठ्ठी बाहेर काढतो आणि मतदानाच्या दिवशी नव्या कोऱ्या पाकिटातून पाठवतो, या वेळी पत्ता न लिहिता. विश्वस्ताला स्वतःची सही ओळखता येते, म्हणजे चिठ्ठी खऱ्या मतदाराची आहे. कोणत्या मतदाराची, हे मात्र त्याला कधीच कळणार नाही, कारण सही करताना त्याने चिठ्ठी पाहिलेलीच नव्हती.

ही युक्ती आकड्यांनी करता येते, आणि ती कागद-पेन्सिल घेऊन स्वतः करून बघण्यासारखी आहे. नियम एकच: जे काही उत्तर येईल त्याला ३३ ने भागायचं आणि फक्त बाकी ठेवायची. विश्वस्ताची ‘सही’ म्हणजे दिलेल्या आकड्याचा घन. घन करायचा ही गोष्ट त्याने गुपित ठेवली आहे. जगाला मात्र त्याने सांगून ठेवलंय की सही तपासायची तर तिचा सातवा घात करा. मूळ आकडा परत आला तर सही खरी.

समजा मी २० हा आकडा निवडला. ही माझी मतचिठ्ठी. तो विश्वस्ताला दिसू द्यायचा नाही, म्हणून मी मनात आणखी एक आकडा धरतो, २. त्याचा सातवा घात १२८. वीस गुणिले १२८ म्हणजे २५६०, बाकी १९. हे झालं माझं पाकीट. मी माझं खरं नाव सांगून विश्वस्ताला १९ देतो. तो यादी बघतो, माझ्या नावापुढे खूण करतो, १९ चा घन करतो, ६८५९, आणि बाकी २८ माझ्या हातात देतो. मी घरी येऊन २८ ला २ ने भागतो. आले १४.

आता हे १४ काय आहे ते तपासू. त्याचा सातवा घात १०,५४,१३,५०४. तेहतीसने भागल्यावर बाकी उरते २०. म्हणजे १४ ही २० वरची अस्सल सही आहे, आणि ती करणाऱ्याने २० कधी पाहिला नाही आणि १४ ही पाहिला नाही!

हे कसं झालं? मी दोनाचा सातवा घात करून चिठ्ठी झाकली. विश्वस्ताने सगळ्याचाच घन केला, तेव्हा त्या झाकणाचाही झाला: दोनाचा एकविसावा घात, २०,९७,१५२. त्याची बाकी फक्त २. घन आणि सातवा घात या आकड्यांच्या दुनियेत एकमेकांना पुसून टाकतात. सही करता करता विश्वस्ताने नकळत माझं झाकण सैल केलं, आणि ते साधा दोन बनून बाहेर लटकत राहिलं. मी भागाकार करून ते काढून टाकलं. (इथे भागाकार सरळ जमला. एरवी त्यासाठी उलट गुणक शोधावा लागतो, पण तोही सहज सापडतो.)

काही दिवसांनी कुणीतरी निनावी माणूस २० आणि १४ ही जोडी घेऊन मत द्यायला येतो. विश्वस्ताच्या वहीत १९ आणि २८ आहेत. त्याने वही कितीही उलटीपालटी केली तरी उपयोग नाही. कारण दुसऱ्या कुणी १६ हा आकडा निवडून तो ७ ने झाकला असता, तर त्याचंही पाकीट १९ च झालं असतं, त्यालाही २८ च मिळाले असते, आणि सातने भागून आलेले ४ ही सोळावरची तितकीच खरी सही ठरली असती. ३३ च्या या छोट्या दुनियेत त्या एका १९ मागे वीस वेगवेगळे आकडे लपलेले असू शकतात, सगळे सारख्याच शक्यतेने. जगातला सगळ्यात मोठा संगणक आणला तरी १९ कडे बघून आत काय आहे हे सांगता येणार नाही, कारण ती माहिती त्यात नाहीच.

आणि मी तीच चिठ्ठी दोनदा वापरली तर? वीस हा आकडा दुसऱ्यांदा आला की तो फेटाळला जातो. त्यासाठी मी कोण हे कळायची गरज नाही. तू आधी येऊन गेलास का, या प्रश्नाचं उत्तर मिळालं. तू कोण, हा प्रश्न कुणी विचारलाच नाही.

प्रत्यक्षात अर्थातच ३३ चालत नाही. ३३ म्हणजे तीन गुणिले अकरा हे शाळकरी पोरालाही दिसतं, आणि ते दिसलं की विश्वस्ताचा गुप्त घात शोधून काढता येतो. खऱ्या व्यवहारात तिथे सहाशेहून अधिक अंकी संख्या असते, ज्या दोन मूळ संख्यांचा तो गुणाकार आहे त्या शोधणं आजच्या कुठल्याही संगणकाच्या आवाक्याबाहेरचं असतं. मतचिठ्ठीचा आकडाही प्रचंड असतो, म्हणजे योगायोगाने दोघांनी एकच निवडण्याची भीती नाही. काळजी आणखी एक घ्यावी लागते: सही घेऊन लगेच त्याच आयपी ॲड्रेसवरून मत दिलं, तर सगळं गणित पाण्यात जातं. तो रस्ता पुसण्याची पद्धतही चॉम यांनीच १९८१ मध्ये मांडली होती.

चॉम यांनी या सहीवर डिजिटल रोकड उभी करायला डिजिकॅश कंपनी काढली, ती १९९८ मध्ये बुडाली. गणित मात्र टिकलं. २०२२ पासून ॲपलचे फोन ‘मी खरा फोन आहे, बॉट नाही’ हे संकेतस्थळांना अशाच झाकलेल्या सहीने पटवून देऊ शकतात, आणि कुठला फोन हे सांगत नाहीत. ऑक्टोबर २०२३ मध्ये या सहीची पद्धत इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजांत आरएफसी ९४७४ या क्रमांकाने प्रसिद्ध झाली.

तरीही एक भोक उरतं, आणि ते मोठं आहे. विश्वस्ताकडे यादी होती म्हणून हे सगळं जमलं. यादीच नसेल तर? २००२ मध्ये मायक्रोसॉफ्टचे संशोधक जॉन डूसर यांनी दाखवून दिलं की ओळख तपासणारी एखादी मध्यवर्ती व्यवस्था नसेल, तर एकाच माणसाला हवी तितकी सोंगं घेण्यापासून रोखणं व्यवहारात अशक्य आहे. या हल्ल्याला ‘सिबिल’ नाव मिळालं, अनेक व्यक्तिमत्त्वं असलेल्या एका बाईवरच्या १९७३ च्या पुस्तकावरून. ॲपलची सही फोन खरा आहे एवढंच सांगते. ज्याला दहा फोन परवडतात त्याच्याकडे दहा मतं.

यावरचा मला सगळ्यात आवडलेला विचार ब्रायन फोर्ड आणि जेकब स्ट्रॉस यांनी २००८ मध्ये मांडला. माणसाला नावं कितीही घेता येतील, शरीर एकच आहे, आणि ते एका वेळी एकाच जागी असतं. तर ठरावीक दिवशी, ठरावीक वेळी गावोगाव लोकांनी जमायचं. सगळीकडचे दरवाजे एकाच क्षणी बंद करायचे. बाहेर पडताना प्रत्येकाला एक टोकन, नाव न विचारता. झुरिकमध्ये २०२२ पासून ‘लेउ’ नावाचं एक स्थानिक चलन याच धर्तीवर चालवलं जातंय. लोक वेगवेगळ्या ठिकाणी, एकाच वेळी, छोट्या गटांत भेटतात आणि एकमेकांच्या हजेरीची साक्ष देतात.

मग टोकन कुणी विकलं तर? ॲरी ज्यूल्स, दारिओ कॅटलानो आणि मार्कुस याकोब्सन यांनी २००५ मध्ये त्याचंही उत्तर काढलं. त्यांच्या पद्धतीत मतदार स्वतःच हवी तितकी खोटी ओळखपत्रं तयार करू शकतो. खोटं ओळखपत्र वापरून दिलेलं मत नेहमीसारखं स्वीकारलं जातं, पण मोजणीच्या वेळी गुपचूप गळतं, आणि कोणतं गळलं हे बाहेरच्या कुणालाही दिसत नाही. त्यामुळे मत विकत घेणाऱ्याला आपल्या हाती आलेला माल खरा आहे की खोटा, हे पैसे मोजण्यापूर्वी कळत नाही आणि निकालानंतरही कळत नाही.