फ्रान्समध्ये भाड्याची गाडी घ्यायची कुठून?

(सामुदायिक रेडिओवरील बोलण्याचे शब्दांकन)

आजचा विषय ऐकून काही जणी हसतील. फ्रान्समधली भाड्याची गाडी आणि आपला काय संबंध? पण एका बचत गटातल्या ताईंचं पत्र आलंय, आणि प्रश्न अगदी हिशेबाचा आहे.

ताईंची लेक पुण्यात नोकरी करते. जुलैच्या सुरुवातीला ती आई आणि मावशीला घेऊन दहा दिवस फ्रान्सला निघाली आहे. पॅरिसला उतरायचं, तीन दिवस शहर बघायचं, मग दक्षिणेला प्रोव्हान्स भागात जाऊन लव्हेंडरची शेतं, जुनी गावं बघायची आणि पॅरिसहूनच परतीचं विमान धरायचं. लेक म्हणते, विमानतळावर उतरल्या उतरल्या गाडी घेऊ, बॅगा ओढायला नकोत. खर्चात आईचाही वाटा आहे, पापड-कुरडयांच्या कमाईतून साठवलेला. ताई विचारतात, "विमानतळावरच गाडी घेणं बरोबर आहे का? की दुसरीकडून घ्यावी?"

माझं उत्तर आधीच सांगते. आपण जिथे उतरतो तिथून गाडी घेऊ नये. जिथून गाडीची खरी गरज सुरू होते तिथून घ्यावी. आता का, ते बघू.

आपण लग्नाला किंवा देवदर्शनाला जीप ठरवतो, तेव्हा जीपबरोबर ड्रायव्हर येतो. तिथे नुसती गाडी आणि किल्ली मिळते, चालवायची आपणच. भाडं मोजतात ते किलोमीटरवर कमी आणि दिवसावर जास्त. दिवस म्हणजे चोवीस तास. सकाळी दहाला गाडी घेतली आणि शेवटच्या दिवशी साडेअकराला परत केली, तर बहुतेक ठिकाणी पुढचा अख्खा दिवस लागू होतो. या ताईंनी विमानतळावरच गाडी घेतली, तर पॅरिसमधले तीन दिवस ती नुसती उभी राहणार. शहरात फिरायला मेट्रो आहे, बस आहे. गाडी उभी करायचे पैसे मात्र तासावर द्यायचे. १ ऑक्टोबर २०२४ पासून तर पॅरिसने बाहेरून येणाऱ्या जड गाड्यांना शहराच्या मध्य भागात रस्त्यावर पार्किंगचा दर तासाला १८ युरो केला आहे. म्हणजे गोठ्यात बांधलेल्या भाकड म्हशीला रोज पेंड घालण्यातला प्रकार.

दुसरं कारण चालवण्याचं. फ्रान्समध्ये वाहनं रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात. स्टिअरिंग डावीकडे, गिअर उजव्या हाताला. आपल्याकडे वीस वर्षं गाडी चालवलेल्या माणसाचाही पहिला तास गोंधळात जातो. आणि तो पहिला तास पॅरिसच्या भोवतालच्या रिंगरोडवर घालवायचा? हा रस्ता सुमारे पस्तीस किलोमीटरचा आहे आणि तिथे उजवीकडून आत शिरणाऱ्या गाड्यांना आधी वाट द्यावी लागते. शहरात आर्क द त्रिओंफच्या चौकात तर बारा रस्ते एकत्र येतात. आठ-दहा तासांचा विमानप्रवास करून, डोळ्यांत झोप असताना असल्या ठिकाणी नवा हात बसवू नये, असं मला स्पष्ट वाटतं.

तिसरं कारण अंतराचं. पॅरिसपासून प्रोव्हान्समधलं आव्हिन्यों शहर रस्त्याने सातशे किलोमीटरच्या आसपास आहे. तिथल्या महामार्गावर कोरड्या हवामानात ताशी १३० आणि पावसात ११० किलोमीटरची मर्यादा असते. तरी जेवणखाण धरून अख्खा दिवस जातो, आणि एकेरी टोलच पन्नास युरोच्या वर जातो. जायचे आणि यायचे असे दोन दिवस महामार्गातच गेले. याच अंतराला तेजेव्हे नावाची वेगवान रेल्वे आहे. पॅरिसच्या गार द लियों स्टेशनवरून निघालं की साधारण पावणेतीन तासांत आव्हिन्यों. तिकीट जितकं आधी काढाल तितकं स्वस्त पडतं, ऐनवेळी महाग.

म्हणून ताईंच्या लेकीला मी सुचवेन की पॅरिस पायी आणि मेट्रोने बघा, चौथ्या दिवशी सकाळची रेल्वे धरा आणि गाडी आव्हिन्योंच्या स्टेशनवर घ्या. दहा दिवसांऐवजी पाच-सहा दिवसांचंच भाडं लागेल.

इथे एक गोम आहे. आव्हिन्योंला स्टेशनं दोन आहेत. एक जुनं, शहराच्या तटबंदीला लागून, त्याला आव्हिन्यों सांत्र म्हणतात. दुसरं आव्हिन्यों तेजेव्हे, शहराबाहेर. वेगवान गाड्या बहुतेक बाहेरच्या स्टेशनवर थांबतात आणि मोठ्या कंपन्यांचे गाडी भाड्याने देण्याचे काउंटरही तिथेच आहेत. गाडी नोंदवताना नुसतं "आव्हिन्यों" बघून बटण दाबलं आणि कार्यालय भलतीकडे निघालं, तर तिघींना बॅगा घेऊन टॅक्सी शोधत फिरावं लागेल. नोंदणीत "तेजेव्हे" हा शब्द आहे का, ते बघायचं. बाहेरच्या स्टेशनचा आणखी एक फायदा असा की गर्दीच्या गल्ल्या न लागता सरळ मोकळ्या रस्त्यावर निघता येतं. हात तिथे बसवावा.

कोणी म्हणेल, मग शहरातलं किंवा छोट्या गावातलं कार्यालय का नको? तिथे भाडं कधी कधी कमी असतं, कारण विमानतळ आणि स्टेशनवरच्या जागेचा जादा आकार त्यात नसतो. हे खरं आहे. पण छोट्या गावातली कार्यालयं दुपारी बारा ते दोन जेवणासाठी बंद, शनिवारी अर्धा दिवस आणि रविवारी तर बहुधा कुलूपच. आपण रविवारी पोचलो, तर वाचवलेले पैसे एका रात्रीच्या खोलीत जातात. म्हणून आधी वार बघायचा, मग जागा ठरवायची.

आता परतीचं. एका ठिकाणी गाडी घेऊन दुसऱ्या गावी सोडता येते का? येते. पण आपल्याकडे जीपवाला एकेरी भाड्यातही "रिकामी फेरी" लावतो ना, तसाच तिथेही आकार असतो. फ्रान्समधल्या फ्रान्समध्ये तो काही कंपन्या थोडा लावतात, काही लावतही नाहीत. पण एका देशात घेऊन दुसऱ्या देशात सोडली, तर हा आकार कधी कधी सगळ्या भाड्याहून जास्त होतो. स्पेन किंवा इटलीत जाऊन तिथेच गाडी सोडण्याचा मोह लेकीला झाला, तर तो आकडा आधी विचारायला सांगा.

सरहद्दीवरून आठवलं. कोणाची मुलं आल्प्स किंवा अल्सास भागात जाणार असतील, तर त्यांनी हे नीट ऐका. बासेल-म्युलूझ हा विमानतळ फ्रान्सच्या जमिनीवर आहे, पण फ्रान्स आणि स्वित्झर्लंड दोघं मिळून तो चालवतात. एकाच इमारतीत फ्रेंच बाजू आणि स्विस बाजू. जिनिव्हा विमानतळ स्वित्झर्लंडमध्ये, पण त्यालाही फ्रेंच विभाग आहे. दोन्ही बाजूंना त्याच कंपन्या दिसतात, भाडं मात्र वेगळं असू शकतं. स्विस महामार्गावर चालायला वर्षाचा ४० फ्रँकचा परवाना लागतो. तो स्विस बाजूच्या गाडीला असतो, फ्रेंच बाजूच्या गाडीला असेलच असं नाही. फिरायचं फक्त फ्रान्समध्ये असेल, तर नोंदणी करताना फ्रेंच बाजू निवडलेली बरी. हिवाळ्यात, म्हणजे १ नोव्हेंबर ते ३१ मार्च, फ्रान्सच्या डोंगराळ भागात बर्फाचे टायर किंवा साखळ्या लागतात. गाडी समुद्रकाठच्या गरम शहरातून घेतली, तर त्या मागून घ्याव्या लागतात. जुलैत जाणाऱ्यांना ही काळजी नाही.

ताईंच्या पत्रात शेवटी, बारीक अक्षरात, आणखी एक ओळ आहे. त्या गटाचा माल पोचवायला पिकअप चालवतात, आठ वर्षं झाली. "मी तिकडे चालवू शकेन का, की लेकीनेच चालवायची?" ताई, तुम्ही जरूर चालवू शकता. आपल्या परवान्याबरोबर आंतरराष्ट्रीय वाहन परवाना लागतो. तो आपल्या आरटीओ कार्यालयातूनच मिळतो, फी १००० रुपये, मुदत एक वर्ष. मूळ परवानाही सोबत न्यायचा. मात्र गाडीच्या करारावर तुमचं नाव "दुसरा चालक" म्हणून लिहिलेलं हवं. त्यासाठी बहुतेक ठिकाणी दिवसाला थोडे जादा पैसे घेतात आणि गाडी ताब्यात घेताना दोघींनाही काउंटरवर उभं राहावं लागतं. "मी जरा दहा किलोमीटर चालवते" म्हणून नाव नसताना बसलात आणि धक्का लागला, तर विमा हात वर करतो. त्या पैशांत काटकसर करू नका. दिवसाचे दोनशे किलोमीटर एकटीने चालवणाऱ्या लेकीलाही विसावा हवाच.

आता पैशाची बाजू. बऱ्याच कुटुंबांची गाडी इथेच अडते. गाडी देताना कंपनी कार्डावर अनामत अडकवून ठेवते, मंडपवाला भांड्यांवर ठेवतो तशी. ती शेकड्यांत, कधी हजार युरोच्या पुढेही असते. आणि बहुतेक ठिकाणी त्यासाठी मुख्य चालकाच्याच नावाचं क्रेडिट कार्ड लागतं. बँकेतून पैसे भरून नेलेलं प्रवासाचं कार्ड किंवा साधं डेबिट कार्ड अनामतीला पुष्कळदा चालत नाही. खात्यात पैसे असूनही काउंटरवरून रिकाम्या हाताने परत फिरायची वेळ येते ती याच्यामुळे. म्हणून मुख्य चालक म्हणून लेकीचं नाव, कार्डही लेकीचं, आणि कार्डाची मर्यादा निघण्यापूर्वी तपासलेली.

करारावर "फ्रांशीज" असा शब्द दिसेल. दुकानाच्या फ्रँचायझीशी त्याचा संबंध नाही. नुकसान झालं तर त्यातला आपण भरायचा वाटा, असा त्याचा अर्थ. विमा असतो, पण त्या रकमेपर्यंत खिसा आपलाच. ती रक्कम कमी करायला काउंटरवर जादा विमा गळ्यात घालतात आणि तो महाग असतो. घ्यायचा की नाही हे घरी बसून ठरवावं, रांगेत उभं राहून नव्हे. गाडी हातात आली की चारही बाजूंनी मोबाइलवर फोटो काढा, चाकांच्या कडांचेसुद्धा. त्रिकोणी फलक आणि चमकणारं जाकीट गाडीत आहे का तेही बघा, तिथे ते सक्तीचं आहे.

हे सगळं करून गाडी कशाला, रेल्वेनेच का फिरू नये? कारण गॉर्द, रुसियों असली डोंगरावरची गावं किंवा सेनांकचा मठ आणि त्याच्यापुढचं लव्हेंडर, इथे रेल्वे जात नाही, बसही मोजक्या. शिवाय शेतकरी कुटुंबं तिकडे आपल्या घरातल्या खोल्या किंवा जुनी घरं पाहुण्यांना भाड्याने देतात. हॉटेलपेक्षा मला तीच बरी वाटतात, स्वयंपाकघर मिळतं. पण ती शेतात असतात, बसथांब्यापासून लांब. आणि गटातल्या बायकांना आवडेल अशी गोष्ट म्हणजे आठवडी बाजार. तिकडेही गावागणिक वार ठरलेले आहेत. गॉर्दचा मंगळवारी, लील-स्युर-ला-सोर्गचा मोठा बाजार रविवारी. चीज, ऑलिव्ह, साबण, लव्हेंडरच्या पुड्या, सगळं मांडलेलं. पुड्या बांधायची पद्धत नीट बघून या, आपल्या गटाला उपयोगी पडेल. फक्त आदल्या रात्री बाजाराच्या चौकात गाडी लावू नका, सकाळी उचलून नेतात.

इंधनाचं एक ध्यानात ठेवा. पंपावर "गाझोल" लिहिलेलं असतं ते डिझेल, पेट्रोल नव्हे. अक्षर वाचता आलं नाही तरी खूण बघायची. गोलात ई अक्षर असलं की पेट्रोल, चौकोनात बी असलं की डिझेल. गाडीच्या टाकीच्या झाकणावरही तीच खूण असते.

गाडी परत करताना टाकी भरून द्यायची, पावती जपून ठेवायची आणि किल्ली देण्याआधी पुन्हा फोटो काढायचे. परतीची रेल्वे काढताना पॅरिस शहराचं तिकीट काढू नका. आव्हिन्यों तेजेव्हेवरून दिवसात काही गाड्या थेट पॅरिसच्या शार्ल द गोल विमानतळाखालच्या स्टेशनवर जातात. तुमचं विमान तिथूनच असेल, तर त्यातली एक धरा. म्हणजे बॅगा घेऊन शहरात शिरायलाच नको.