लिहून मिळवायचे असेल, तर घरात कोणती पुस्तके हवीत?

तहसील कचेरीच्या आवारात टेबल मांडून बसणारा अर्जनवीस हा आपल्या जिल्ह्यातला सर्वांत जुना फ्रीलान्स लेखक म्हणायला हरकत नाही. तो कुणाचा नोकर नसतो. पानाचा दर आधी ठरतो, मसुदा वाचून दाखवला की पैसे टेबलावर येतात आणि मगच कागद गिऱ्हाइकाच्या हाती जातो. १९४८ पर्यंत आपला मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, कारभार उर्दूत चालायचा. पुढे कचेरीची भाषा मराठी झाली, टाइपरायटर आले, त्यांच्या जागी संगणक आले. पण दर आधी ठरवायचा आणि मोबदला हातोहात घ्यायचा, हा रिवाज टिकला.

आज धाराशिव, उमरगा, कळंब, परंडा इथेही घरात बसून लिहिणारी मुलं-मुली भेटतात. कुणी वृत्तपत्राच्या पुरवणीसाठी मजकूर लिहितो, कुणी गाइड छापणाऱ्यासाठी प्रश्नसंच तयार करते, कुणी हिंदी-इंग्रजीतून भाषांतर करते, कुणी यूट्यूब चॅनेलला बोलायचा मजकूर लिहून देतो. भाषा त्यांच्याकडे असते, कधी फार चांगली असते. अर्जनवीसाचा रिवाज मात्र नसतो. लेख छापून येतो, पैसे येत नाहीत. तोच लेख सहा महिन्यांनी दुसरीकडे, दुसऱ्याच्या नावाने दिसतो. मग घरातले म्हणतात, यापेक्षा शिवणकाम बरे. त्यांचे अगदीच चुकते असे नाही. शिवणकाम करणाऱ्या बाईकडे मापाची वही असते, कुणाचे किती येणे आहे हे तिला तोंडपाठ असते.

म्हणून लिहिणाऱ्याच्या घरात पुस्तके दोन जातींची हवीत, भाषेची आणि व्यवहाराची. पहिली लोक हौसेने घेतात. दुसरी घ्यायची असतात हेच अनेकांना माहीत नसते.

भाषेच्या पुस्तकांत मी पहिले नाव घेईन यास्मिन शेख यांचे. हे नाव वाचून अनेकांना त्या मुस्लिम घरात जन्मलेल्या वाटतात. त्यांचा जन्म २१ जून १९२५ रोजी नाशिकला, बेने इस्राएल म्हणजे मराठी बोलणाऱ्या ज्यू कुटुंबात झाला. मूळ नाव जेरूशा रूबेन. शेख हे लग्नानंतरचे आडनाव. पुण्याला श्री. म. माटे यांच्याकडे त्या मराठी शिकल्या, मुंबईच्या महाविद्यालयात अनेक वर्षे मराठी शिकवली आणि भानू काळे यांच्या ‘अंतर्नाद’ मासिकाचे व्याकरण सांभाळले. ‘मराठी लेखन मार्गदर्शिका’ आणि ‘मराठी शब्दलेखनकोश’ ही त्यांची दोन पुस्तके. शेख आडनावाच्या मुलीने शुद्ध मराठी लिहिले की शाळेत कौतुकाच्या आडून आश्चर्य व्यक्त होते. इथे तर शेख आडनावाच्या बाईंनी साऱ्या महाराष्ट्राला शुद्धलेखन शिकवले आहे.

तिसरे पुस्तक अरुण फडके यांचे ‘शुद्धलेखन ठेवा खिशात’. नावाप्रमाणे खिशात मावते. त्यांचा मोठा ‘मराठी लेखन-कोश’ घेता आला तर उत्तमच, कारण त्यात शब्दाला प्रत्यय लागल्यावर तो कसा बदलतो तेही दिलेले आहे. आणि मो. रा. वाळंबे यांचे ‘सुगम मराठी व्याकरण व लेखन’ तर स्पर्धा परीक्षेच्या पोरांमुळे गल्लीत कुणाच्या तरी घरी असतेच. ते परीक्षेपुरते वाचले जाते, ही वेगळी गोष्ट.

इतके व्याकरण कशाला, असे कुणी विचारील. एक उदाहरण देतो. मराठीत शुद्धलेखनाचे मान्य नियम अठरा आहेत. चौदा १९६२ साली आले, चार १९७२ साली. त्यांतल्या एका नियमाने ‘वकील’, ‘जमीन’, ‘गरीब’ यांतली वेलांटी दुसरी, पण प्रत्यय लागला की ‘वकिलाने’, ‘जमिनीत’, ‘गरिबाला’ अशी पहिली होते. हे तिन्ही शब्द आपल्या घरात रोज उच्चारले जातात, आणि हमखास चुकतात तेही हेच. संपादकाला लेख दुरुस्त करण्यात वेळ घालवावा लागला, तर पुढचे काम तो दुसऱ्याला देतो. तोंडावर कुणी सांगत नाही.

ज्यांच्या घरात दखनी बोलली जाते, त्यांना आणखी एका जागी जपावे लागते. दखनीत नपुंसकलिंग नाही. उर्दूत दुकान ‘खुलती’ आहे, मराठीत दुकान ‘उघडते’ खरे, पण ते दुकान. घर, पाणी, जहाज, सगळ्यांची हीच गत. ‘वेळ’ तर दोन्हीकडे जातो: ‘माझा वेळ गेला’ आणि ‘जेवणाची वेळ झाली’. शंका आली की शब्दकोशात लिंग पाहावे, अंदाज करू नये.

पण याच दखनीने आणि उर्दूने आपल्याला एक फायदाही दिला आहे आणि तो आपण वापरत नाही. माधव जूलियन या नावाने कविता लिहिणारे माधव त्र्यंबक पटवर्धन फारसीचे प्राध्यापक होते. त्यांचा ‘फार्शी-मराठी कोश’ १९२५ साली प्रसिद्ध झाला. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश त्याहून जुना, १८३१ चा. त्याची १८५७ ची दुसरी आवृत्ती शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर फुकट पाहता येते आणि त्यात शब्द अरबी, फारसी की संस्कृत याची खूण दिलेली असते. डॉ. यू. म. पठाण यांनी मराठी आणि फारसीच्या नात्यावर आयुष्यभर काम केले. ते १९९० साली पुण्याच्या अखिल भारतीय साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. ही पुस्तके चाळली की कळते, आपल्या घरातले शब्द मराठीत उपरे नाहीत. आणि पोटापाण्याच्या दृष्टीने कळते ते असे: आजोबांना उर्दू वाचता येते आणि नात मराठी माध्यमात शिकली आहे, अशा घरात उर्दूतून मराठीत थेट भाषांतर करण्याची सोय आयती आहे. हिंदी-इंग्रजीतून मराठी करणारे पुष्कळ असतात. नस्तालिक लिपी वाचून मराठी लिहिणारे फार थोडे.

इथे कायदा मध्ये येतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे भाषांतराचा हक्कही मूळ लेखकाचाच असतो आणि तो त्याच्या मृत्यूनंतर, पुढच्या वर्षाच्या आरंभापासून मोजून, साठ वर्षे राहतो. सआदत हसन मंटो जानेवारी १९५५ मध्ये वारले. त्यांच्या हयातीत छापल्या गेलेल्या कथा भारतात २०१६ पासून कुणालाही भाषांतरित करता येतात. इस्मत चुगताई १९९१ मध्ये गेल्या. त्यांच्या कथेला वारसांची परवानगी लागते. मराठीतून दुसऱ्या भाषेत जायचे तरी हिशेब तोच. साने गुरुजी १९५० साली गेले, त्यांचे साहित्य २०११ पासून मुक्त आहे. भाषांतराला हात घालण्याआधी लेखकाचे मृत्यूवर्ष पाहावे, म्हणजे महिनाभराची मेहनत वाया जात नाही.

आता नमुन्यादाखल काय वाचावे? भास्कर चंदनशिव आपल्याच कळंब तालुक्यातल्या हासेगावचे. टोमॅटोचा भाव कोसळल्यावर शेतकऱ्याचे काय होते, हे सांगणारी त्यांची ‘लाल चिखल’ ही कथा अनेकांनी शाळेत वाचली असेल. आता लिहिणाऱ्याच्या नजरेने पुन्हा वाचावी. बाजार, भाव, माणसांची बोली, सगळे इथलेच. अनिल अवचट डॉक्टरकी शिकून लेखनाकडे वळले. माणसांत जाऊन बसायचे, विचारायचे, पाहायचे आणि साधे लिहायचे, हे त्यांच्या ‘माणसं’ या पुस्तकातून जितके शिकता येते तितके पत्रकारितेच्या पदविकेतूनही येत नसेल. भूम-कुंथलगिरीच्या खव्याच्या भट्ट्या, नळदुर्गचा पाणीमहाल, ऊसतोडीला जाणारी कुटुंबे, यांवर असे लिहायला पुण्या-मुंबईचा लेखक येणार नाही, आला तरी दोन दिवसांत परत जाईल.

हमीद दलवाईंची ‘इंधन’ ही १९६५ ची कादंबरीही मी सुचवतो. त्यांची मते अनेकांना पटत नाहीत, मलाही सगळी पटत नाहीत. पण मुस्लिम घर-गाव मराठीत कसे उभे करायचे, हे त्या पुस्तकात दिसते आणि लिहिणाऱ्याने तेवढ्यासाठी ते वाचायला हरकत नसावी.

इंग्रजीत दोनच. विल्यम झिन्सर यांचे ‘ऑन रायटिंग वेल’ हे १९७६ चे पुस्तक लेख लिहिणाऱ्यांसाठी आहे. फालतू शब्द कसे काढायचे, हा त्याचा गाभा. स्टीफन किंग यांचे ‘ऑन रायटिंग’ २००० सालचे. ते निम्मे आत्मचरित्र आहे. नकाराच्या चिठ्ठ्या भिंतीवरच्या खिळ्याला अडकवत हा मुलगा लिहीत राहिला, ते वाचून धीर येतो. दोन्हींचे इंग्रजी सोपे आहे. ‘महिन्याला लाख रुपये कमवा’ छापाची पुस्तके मात्र घेऊ नयेत. त्यात कमाई पुस्तक विकणाऱ्याची होते.

व्यवहाराच्या बाजूला पहिले पुस्तक म्हणजे हाच कॉपीराइट कायदा. कायद्याची पुस्तके विकणाऱ्या दुकानात त्याची छोटी प्रत मिळते. सगळा वाचायची गरज नाही; कलम १७, १८, १९ आणि ५७ पुरेत. सार असे: तुम्ही पगारी नोकर नसाल, तर लेखाचे पहिले मालक तुम्ही. लेख पाठवला आणि छापला गेला, एवढ्याने मालकी संपादकाकडे जात नाही. हक्क द्यायचा तर तो लेखी आणि तुमच्या सहीनेच दिला जातो. त्या कागदावर मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. आणि हक्क विकला तरी लेखक म्हणून आपले नाव सांगण्याचा अधिकार कलम ५७ प्रमाणे तुमच्याकडेच राहतो. तेव्हा ‘सर्व हक्क कायमचे’ असे छापील वाक्य असलेल्या कागदावर सही करताना निदान मोबदला तरी त्या तोलाचा मागावा.

लेखी करारात संकोच वाटण्याचे खरे तर कारण नाही. कुरआनातली सर्वांत लांब आयत, सूरह अल-बकराची २८२ वी, मुदतीच्या देण्याघेण्याचा व्यवहार लिहून ठेवण्याबद्दलच आहे. तरी ओळखीच्या माणसाकडून कागद मागायला आपल्याला जड जाते. स्टँपपेपरच हवा असे नाही. ‘अमुक लेख, अमुक शब्द, अमुक रुपये, छापल्यापासून तीस दिवसांत’ असा ईमेल किंवा व्हॉट्सॲपवरचा निरोप आणि त्यावर समोरच्याचे ‘होय’, एवढेही पैसे मागताना कामी येते. फक्त तो निरोप काम सुरू करण्याआधी गेलेला असावा.

दुसरे पुस्तक कोरे असते. दोनशे पानी वही घ्या आणि रकाने पाडा: तारीख, कुणासाठी, शब्द, ठरलेला दर, लागलेले तास, बिल क्रमांक, आलेली रक्कम, कापलेला कर. तासांचा रकाना अनेकजण गाळतात आणि तिथेच फसतात. समजा, तीन हजार शब्दांचे भाषांतर पन्नास पैसे शब्दाने घेतले. पंधराशे रुपये. चौदा तास लागले, म्हणजे तासाला सुमारे १०७ रुपये. मग त्यांनी दोनदा दुरुस्तीला परत पाठवले, आणखी चार तास गेले. आता तासाला ८३. दुरुस्ती एकदाच करून मिळेल, हे आधी का ठरवायचे, ते या एका आकड्यावरून समजते. हल्ली यंत्राने केलेले भाषांतर ‘फक्त तपासून द्या’ म्हणून कमी दराने येते. कधीकधी ते तपासण्यापेक्षा नव्याने लिहिणे लवकर होते. असे काम घ्यायचे की नाही, तेही वहीच सांगेल.

कराचा रकाना यासाठी, की ठरावीक मर्यादेपुढच्या व्यावसायिक मोबदल्यातून सर्वसाधारणपणे दहा टक्के टीडीएस कापला जातो, पॅन दिला नसेल तर वीस टक्के. कापलेली रक्कम तुमच्या पॅनवर जमा दिसते आणि एकूण उत्पन्न करपात्र नसेल तर विवरणपत्र भरून परत मिळते. अनेकांचे हे पैसे मागितले नाहीत म्हणून तिथेच पडून राहतात. नियमित काम सुरू झाले की ‘उद्यम’ नोंदणी करून ठेवावी. ती ऑनलाइन आणि निःशुल्क आहे. त्यासाठी पैसे मागणाऱ्या एजंटाला देऊ नयेत. नोंदणी झालेल्या सूक्ष्म उद्योगाचे पैसे २००६ च्या कायद्याप्रमाणे जास्तीत जास्त पंचेचाळीस दिवसांत द्यावे लागतात, उशीर झाला तर व्याजासह.

ही पुस्तके सगळी विकत घ्यायची नाहीत. कोश जिल्हा ग्रंथालयात बसून पाहता येतात. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची पुष्कळ पुस्तके त्यांच्या संकेतस्थळावर मोफत आहेत, मराठी विश्वकोशही आहे. पहिले पुस्तक लिहिणाऱ्यांसाठी याच मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे. सरकारी मजकुराचे भाषांतर करणाऱ्याला भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश लागतात, तेही ऑनलाइन मिळतात. विकत घ्यावे ते फडक्यांचे खिशातले पुस्तक आणि ती वही.

आणि घरातल्या वडीलधाऱ्यांसाठी एक गोष्ट. मुलगी किंवा सून लिहीत असेल, तर बँकेचे खाते आणि पॅन तिच्या स्वतःच्या नावाचे असू द्या. मोबदला वडिलांच्या किंवा पतीच्या खात्यावर मागवला, की कर त्यांच्या पॅनवर दिसतो, बिल एका नावाचे आणि लेख दुसऱ्या नावाचा होतो आणि हिशेब तपासणारा माणूस रक्कम अडवून ठेवतो. लेखाखाली माहेरचे नाव आणि पॅनवर सासरचे असेल, तर बिलावर दोन्ही नावे लिहावीत, सही मात्र पॅनवर आहे तीच करावी.