मांसाच्या कोंबड्या आणि कायदा

आषाढ सरत आला की पनवेलच्या बाजारात कोंबड्यांची मागणी चढते. श्रावणात पुष्कळ घरांत मांसाहार वर्ज्य असल्याने अमावास्येपूर्वीच महिन्याभराची कसर भरून काढली जाते. या घाईत स्कूटरच्या दांड्याला पाय बांधून उलट्या टांगलेल्या कोंबड्या दृष्टीस पडतात. त्यात कोणी गैर मानीत नाही. कायदा मात्र मानतो.

प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा अधिनियम १९६० साली झाला. त्यातील ‘प्राणी’ या शब्दात मनुष्याखेरीज सर्व सजीव येतात; अर्थात कोंबडीही येते. अन्नासाठी पक्षी मारण्यास या कायद्याची आडकाठी नाही. परंतु मारताना किंवा त्याच्या तयारीत अनावश्यक वेदना दिल्यास ही मोकळीक उरत नाही. वेदना होतील अशा रीतीने पक्षी वाहून नेणे हाही कलम ११ खाली गुन्हा होय. वाहतुकीच्या नियमांत २००१ साली कोंबड्यांसाठी स्वतंत्र तरतुदी आल्या. त्यांनुसार एका खुराड्यात एकाच जातीचे व वयाचे पक्षी ठेवावेत, नर व मादी वेगळे असावेत, आणि ऊन-पावसापासून त्यांना आडोसा असावा.

नियम पाळण्यात विक्रेत्याचाही लाभ आहे. पाय ओढून खुराड्यात कोंबलेल्या पक्ष्याचे पंख मोडतात, रक्त साकळते, आणि तो काळा डाग गिऱ्हाइकाला दिसतोच. कापण्यापूर्वी आठ ते बारा तास दाणा बंद व पाणी चालू ठेवावे, म्हणजे आतडी फुटून मांस नासत नाही.

सर्वांत वाईट चूक कापल्यानंतर घडते. मान कापताच पक्षी पिंपात फेकतात आणि तडफड थांबण्यापूर्वीच गरम पाण्यात बुडवितात. जीव असलेला पक्षी ते घाण पाणी श्वासावाटे फुप्फुसात ओढून घेतो. त्यापेक्षा पत्र्याचे मोठे नरसाळे भिंतीला ठोकावे. त्यात डोके खाली करून ठेवलेला पक्षी पंख झाडीत नाही. धारदार सुरीने मानेच्या दोन्ही बाजूंच्या रक्तवाहिन्या एकदम कापून दीड ते दोन मिनिटे रक्त निथळू द्यावे. खर्च पत्र्याच्या तुकड्याचा!

परवान्याची बाब निराळी. अन्नसुरक्षेच्या २०११ च्या विनियमांनी दिवसाला ५० पक्ष्यांपर्यंत कत्तलीची क्षमता असणाऱ्यास साधी नोंदणी पुरेशी ठरविली. त्यापुढे १,००० पर्यंत राज्याचा परवाना लागू केला. एरवी तीस-चाळीस पक्षी कापणारा दुकानदार स्वतःला लहान समजतो. अमावास्येच्या आदल्या दिवशी त्याच दुकानात पन्नासावा पक्षी सकाळी दहाच्या आत कापला जातो, आणि भिंतीवर मात्र नोंदणीचाच कागद लावलेला असतो.